काम करणाऱ्याचं नाव

ईश्वरदास पौनीकरांच्या बाथरूममधला शॉवर बंद पडला असता, तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. त्या घरात शॉवरखाली आंघोळ करणारं कोणी नव्हतंच. पण तो चालू राहिला, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळे झालं.

नळाच्या वर भिंतीत एक छोटी कळ असते. दाबली की पाणी खाली नळातून बादलीत, ओढली की वर शॉवरमधून डोक्यावर. हार्डवेअरवाले तिला डायव्हर्टर म्हणतात. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने, वैभवने, ती ओढली, चार दिवस मनसोक्त शॉवर घेतला आणि कळ तशीच ठेवून तो परत गेला. बोअरच्या क्षाराने ती तिथेच घट्ट बसली. मग बादली भरायची तरी शॉवरखालीच भरायची, असं झालं. डिसेंबरात नागपूरची थंडी सुरू झाली तेव्हा रुख्माबाई पहाटे बाथरूममध्ये छत्री घेऊन जाऊ लागल्या. डाव्या हातात छत्री, उजव्या हाताने गरम-थंड पाण्याचा अंदाज. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला काय काय दिलं याची त्या रोज सकाळी एकदा उजळणी करत, आणि ती बाहेर वर्तमानपत्र वाचणाऱ्या ईश्वरदासांना ऐकू येत असे.

"कवडूले फोन लावा ना," त्या म्हणत. "दहा मिनिटाचं काम हाय त्याच्यासाठी."

"एवढ्याशा कामाले प्लंबर काहून पाहिजे? मी पाहतो ना."

"महिना झाला तुम्ही पाहूनच राहिले."

आता यात ईश्वरदासांची एक खासगी अडचण होती. ते एका सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. इमारतीत सगळे त्यांना 'वर्कशॉपवाले काका' म्हणत. लिफ्ट अडकली की त्यांना बोलावत, आणि ते खाली येऊन, मान तिरपी करून, आवाज ऐकून "बेअरिंग" असं म्हणत. एकदा ते बेअरिंगच निघालं, तेव्हापासून त्यांचा शब्द प्रमाण झाला. खरी गोष्ट अशी की वर्कशॉपमध्ये ते स्टोअरकीपर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून चौतीस वर्षं त्यांनी पाने दिले आणि संध्याकाळी मोजून परत घेतले. कोणता पाना कोणत्या फळीवर आहे हे त्यांना अंधारात सांगता येई. पण तो पाना एखाद्या नटाला लावून फिरवण्याचा प्रसंग त्यांच्या नोकरीत आला नव्हता. हे त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणून कवडूला बोलावणं अवघड होतं. कवडू हा बारा वर्षांपासून इमारतीचा ठरलेला प्लंबर. वर्कशॉपवाल्या काकांची एक कळ दाबायला कवडू आला, ही बातमी लिफ्टच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचली असती.

ईश्वरदासांनी दुरुस्ती स्वतः करायची ठरवली आणि पहिल्याच दिवशी सल्ला मागण्याची चूक केली. खालच्या मजल्यावरचे मनोहरराव, लकडगंजात धान्याचं ठोक दुकान असलेले, म्हणाले, "लिंबू चोळा गा काका, अर्धा तास ठेवा." त्यांच्या बायको कौशल्याताई म्हणाल्या, लिंबाने काही होत नाही, व्हिनेगरची पिशवी बांधून ठेवा रात्रभर. ईश्वरदासांनी दोन्ही केलं. कळ जागची हलली नाही, पण बाथरूमला तीन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास येत होता. वैभवने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा मनुष्य हसत हसत चाळीस सेकंदांत तसलीच कळ काढून दाखवत होता. ईश्वरदासांनी तो अकरा वेळा पाहिला. अकराव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की त्या माणसाने सगळ्यात आधी पाणी बंद केलं होतं.

पाणी बंद करायचं म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि त्या व्हॉल्व्हला लोखंडी पिंजरा करून कुलूप लावलं होतं. किल्ली सोसायटीचे सचिव वामनराव यांच्याकडे. वामनराव आयुष्यभर कचेरीत कारकून होते आणि निवृत्तीनंतर त्यांना अख्खी इमारत ही एक फाईल म्हणून मिळाली होती.

"किल्ली मिळेल ना," ते म्हणाले. "अर्ज द्या."

"अर्ज?"

"तुमच्या लाइनीवर चार घरं आहेत. चौघांची ना-हरकत लागते. वेळ लिहा, कामाचं स्वरूप लिहा."

ईश्वरदास दोन दिवस ना-हरकती गोळा करत फिरले. मनोहररावांनी सही करताना आनंदाने आपला हॉल दाखवला. रविवारी त्यांच्या मुलीचं, वैदेहीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, आणि पाहुणे घरीच येणार म्हणून छताला नवीन पीओपी करून घेतलं होतं. मधोमध पांढरंशुभ्र कमळ, पाकळ्यांमागे लपवलेले दिवे. वैदेहीने बटण दाबून कमळ गुलाबी करून दाखवलं. ईश्वरदासांनी मान तिरपी करून "छान काम आहे" असा अभिप्राय दिला.

वामनरावांनी अर्ज चष्म्याच्या वरून आणि मग चष्म्यातून वाचला. "'काम करणाऱ्याचं नाव' रिकामं ठेवलं तुम्ही."

"मीच करणार आहे."

"तसं नाही चालत. सोसायटीच्या यादीवरचा माणूस पाहिजे. ठराव आहे तसा. कवडूचं नाव आहे यादीवर."

किल्ली वामनरावांच्या हातात होती, तिला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, आणि ती हलत होती. मग ईश्वरदासांनी त्या रिकाम्या जागेत सुंदर, वळणदार अक्षरात 'कवडू' असं लिहिलं. चौतीस वर्षं रजिस्टरं लिहिल्यामुळे अक्षर फार चांगलं होतं.

वेळ होती गुरुवारी अकरा ते बारा. अकराला वामनरावांनी स्वतः व्हॉल्व्ह बंद केला. ईश्वरदास बनियन आणि टॉवेलवर बाथरूममध्ये उतरले. साडेअकरापर्यंत कळीने दाद दिली नाही. पावणेबाराला कळीचं बोंड हातात आलं. बाराला दहा कमी असताना त्यांनी मोठा पाइप पाना लावला आणि त्याच्या दांडीत एक लोखंडी नळी अडकवून ती लांब केली. असं केल्याने जोर वाढतो, हे त्यांनी वर्कशॉपमध्ये लोकांना बोलताना ऐकलं होतं. ते खरं आहे. भिंतीच्या आत कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला, आणि पाना एकदम सैल फिरला.

"निघालं," ते बाहेर उभ्या असलेल्या रुख्माबाईंना म्हणाले.

निघालं होतं ते डायव्हर्टरचं तोंड आणि त्याच्या मागचा पाइपाचा तुकडा, टाइलसकट. भोकातून आत पाहावं म्हणून ते वाकले. इतक्यात बारा वाजले. वामनराव वेळेचे पक्के. त्यांनी ठरल्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडला, पिंजऱ्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ते गॅसचं पुस्तक दुरुस्त करायला निघून गेले.

पहिला फवारा ईश्वरदासांच्या चष्म्याला बसला. मग त्यांनी भोकावर तळहात ठेवला, मग पाठ लावली, मग टॉवेल कोंबला. टॉवेल अंगावरचाच होता, हे नंतर लक्षात आलं. रुख्माबाई गच्चीवर गेल्या, कुलूप पाहून खाली आल्या, वामनरावांच्या दारावर गेल्या, परत आल्या. पाणी हॉलमधून दारापर्यंत गेलं, दाराखालून जिन्यावर गेलं. पंचवीस मिनिटांनी खालून कौशल्याताईंचा आवाज आला. त्या आवाजात शब्द नव्हते. पाठोपाठ धप्प असं काहीतरी मऊ, जड पडलं. कमळ होतं ते.

वामनराव येऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत जिन्यात सगळी इमारत गोळा झाली होती. कोणीतरी फुटलेल्या पाइपात लाकडाची खुंटी ठोकली. ईश्वरदास रुख्माबाईंची शाल गुंडाळून जिन्याच्या पायरीवर बसले होते, ओठ निळे पडलेले. मनोहरराव लाल होऊन वर आले. पण या थरथरत्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला.

"काका, कोणी केलं हे?"

ईश्वरदासांनी तोंड उघडलं. पण त्याआधी वामनरावांनी फाईल उघडली होती. "काम करणारा, कवडू," त्यांनी वाचलं.

"कवडू? मंग कुठं आहे तो?"

सगळे ईश्वरदासांकडे पाहू लागले. त्या वेळी दोन शब्द पुरले असते. "मी केलं." ते घशापर्यंत आलेही. पण समोर चौदा माणसं होती, आणि त्या चौदांमध्ये लिफ्टच्या बेअरिंगच्या दिवशी हजर असलेले सगळे होते.

"गेला," ईश्वरदास म्हणाले.

एवढंच. नंतर ते स्वतःला सांगत राहिले की आपण खोटं असं काही बोललो नाही. कवडू कुठे ना कुठे गेलेला असणारच. माणूस कुठेतरी जातोच. पण रुख्माबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पोछा घेऊन आत गेल्या.

कवडूचा फोन लागेना, त्यामुळे तो पळाला हे सिद्ध झालं. चौकीदार म्हणाला, मी तर त्याले येताना पाहिलंच नाही. वामनरावांनी त्याला झोप काढल्याबद्दल आणि रजिस्टरात नोंद न केल्याबद्दल असं झापलं, की संध्याकाळपर्यंत त्याला कवडू थैली घेऊन घाईघाईने जाताना दिसल्याचं नीट आठवू लागलं. कौशल्याताईंनी ईश्वरदासांसाठी आलं घातलेला चहा वर पाठवला. ज्या बाईचं छत आपण पाडलं तिच्या आल्याचा चहा पिणं फार कठीण असतं. ते तो प्याले.

शुक्रवारी सकाळी फाटकावर कागद लागला. 'कवडू (प्लंबर) यास इमारतीत प्रवेश बंद. हुकुमावरून.' ईश्वरदासांनी बाल्कनीतून पाहिलं. कवडू फाटकाबाहेर थैली खांद्याला लावून उभा होता आणि कागद वाचत होता. मग त्याने फोन काढून आधी वामनरावांशी वाद घातला, आणि थोड्या वेळाने ईश्वरदासांच्या खिशातला फोन वाजला.

"काका, हे काय लावलं हो इथं? मी कालचा दिवस कुहीले होतो, पुतणीच्या सासरी. तिकडं रेंज नसते. वामनराव म्हणतात, खोटं बोलून राहिला. तुमच्याच घरचं काम म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात सगळे."

"सांगतो," ईश्वरदास म्हणाले.

"बरं झालं तुम्ही आहा," कवडू म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. शनिवारीही नाही. सांगायला म्हणून ते दोनदा जिना उतरले. एकदा मनोहरराव मांडववाल्याशी बोलत होते, एकदा ते एकटेच होते, आणि एकटे होते म्हणून जास्त अवघड वाटलं. रुख्माबाई काही बोलत नव्हत्या. वरण-भात वाढत होत्या, औषधाची गोळी पाण्यासोबत ठेवत होत्या. गेल्या महिन्याभरातली सकाळची उजळणीही बंद झाली होती. ती ऐकू येत नाही याचा त्रास होईल, असं ईश्वरदासांना कधी वाटलं नव्हतं.

रविवारी साक्षगंध. मनोहररावांच्या छताचं भगदाड गुलाबी कापडाने झाकलं होतं. वैदेही सुंदर दिसत होती. ईश्वरदासांना मनोहररावांनी हाताला धरून वरपक्षाच्या रांगेत, मुलाच्या वडिलांशेजारी बसवलं.

"हे आमचे काका. अख्खं वर्कशॉप चालवत होते. बिचाऱ्यांच्या घरातही पाणीच पाणी झालं."

मुलाच्या वडिलांनी हात जोडले आणि लगेच आपल्या गीझरमधून आवाज येतो त्याबद्दल विचारलं. ईश्वरदास "हं" म्हणाले. मग पाहुण्यांची नजर वर कापडाकडे गेली. मनोहररावांनी सगळी हकीकत सांगितली. प्लंबर कसा अर्धं काम टाकून पळाला, आणि वर आता म्हणतो मी कुहीला होतो.

"कवडू? उंच, थोडा लंगडतो तो?" पाहुणे म्हणाले. "आमच्याकडेही तोच येते. आमच्या गल्लीत सात-आठ घरी जाते. बरं झालं सांगितलं, उद्यापासून बंदच करतो त्याले."

ईश्वरदासांच्या हातात बुंदीचा लाडू होता. अर्धा खाल्लेला. तो कुठे ठेवावा हे न कळून तो हातात धरूनच ते उभे राहिले.

"कवडू नव्हता," ते म्हणाले.

"काय म्हणता काका?"

"कवडू आलाच नव्हता. मी तोडला नळ. मी एकट्यानं."

मग अशी एक गोष्ट झाली जिची ईश्वरदासांनी तीन दिवसांच्या विचारात कल्पनाही केली नव्हती. मनोहररावांचे डोळे भरून आले. त्यांनी ईश्वरदासांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाहा," ते पाहुण्यांना म्हणाले, "याले म्हणतात मोठं मन. गरिबाचं पोट मारलं जाऊ नये म्हणून स्वतःवर घेऊन राहिले."

मुलाच्या वडिलांनी पुन्हा हात जोडले. कोणीतरी म्हणालं, असे लोक आता राहिले नाहीत. ईश्वरदासांना घाम फुटला. गुन्हा कबूल करायला त्यांना तीन दिवस लागले होते. आता तो सिद्धही करायचा होता.

"अहो, खरंच मी," ते म्हणाले.

"काका, तुमच्यासारख्या माणसाकडून असं होईल का? चौतीस वर्षं मशिनी हाताळल्या तुम्ही."

"नाही हाताळल्या," ईश्वरदास म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी कान पुढे केले, म्हणून त्यांना ते परत, मोठ्याने सांगावं लागलं. "मी स्टोअरमध्ये होतो. खिडकीवर बसून सामान देत होतो. एकही मशीन मी कधी उघडली नाही. लिफ्टचंही मला काही कळलं नव्हतं. तो शब्द मला माहीत होता, म्हणून बोललो."

एवढ्यावरही काही चेहऱ्यांवर तो नम्रतेचाच प्रकार वाटतोय असं दिसत होतं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रुख्माबाई उठल्या.

"खरं सांगून राहिले ते," त्या म्हणाल्या. "यांनी घरातला बल्बही कधी बदलला नाही. मी स्टुलावर चढते, हे स्टूल धरतात. त्या दिवशी मी दारातच उभी होती. मीही बोलले नाही. माझंही चुकलं."

मनोहररावांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. रागाने नाही, हळूच, जसा चुकून भलत्याच माणसाच्या खांद्यावर ठेवलेला हात माणूस काढतो तसा. वामनराव कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणजे अर्ज खोटा होता." त्यांना छतापेक्षा त्याचं जास्त लागलं होतं. मुलाच्या वडिलांनी प्रसंग ओळखून पुरोहितांना पुढचं चालू करायला सांगितलं. वैदेहीच्या बोटात अंगठी घातली गेली, टाळ्या वाजल्या. ईश्वरदासांनी एका हाताने टाळी वाजवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या हातात लाडू होता.

सोमवारी सकाळी फाटकावरचा कागद निघाला, आणि आदल्या संध्याकाळी वामनरावांनी फोन केला होता म्हणून कवडू आला. त्याने ईश्वरदासांना नमस्कार केला नाही, टाळलंही नाही. सरळ बाथरूममध्ये गेला, खुंटी काढली, भिंत थोडी फोडली, नवा तुकडा बसवला, नवा डायव्हर्टर लावला. ईश्वरदास दारात उभे राहून तीनदा "कवडू, माझं चुकलं" असं म्हणाले. तिसऱ्यांदा कवडूने मागे पाहिलं.

"तुम्ही काल सगळ्यांसमोर बोलले, मले समजलं. बरं केलं." त्याने हात पुसले. "लोकांचं काही नाही काका. एक काम गेलं तर दुसरं भेटते. पण मी घरी सांगितलं ना, असं असं झालं म्हणून, तर बायको मले विचारून राहिली, खरं सांग, तूच केलं ना? चार दिवस झाले. काल वामनरावचा फोन आला, तो मी तिले सांगितला. तिले वाटते तो फोन बी मीच कोणाले कराले लावला."

रुख्माबाईंनी चहा आणला. कवडू "आता नाही" म्हणाला.

"मी येतो," ईश्वरदास म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या घरी. मी सांगतो तिला."

कवडूने थैली उचलली आणि म्हणाला, "बसा मंग गाडीवर."

गाडी जुनी होती आणि मागची सीट फाटलेली. थैली ईश्वरदासांच्या मांडीवर होती. फाटकात चौकीदार उभा होता, वामनराव उभे होते, पहिल्या मजल्याच्या खिडकीत कौशल्याताई होत्या. कोणाकडे पाहावं हे न कळून ईश्वरदासांनी कवडूच्या मानेकडे पाहिलं. वाटेत त्यांनी मनाशी एक चांगलं भाषण जुळवलं. त्यात 'प्रामाणिकपणा' हा शब्द दोनदा होता, आणि 'माणसाकडून अनवधानाने' असंही काही होतं.

घर दोन खोल्यांचं होतं, दारात तुळस. कवडूची बायको पार्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. अनोळखी माणूस पाहून त्यांनी पदर सारखा केला. ईश्वरदास उंबऱ्याच्या आत आले, आणि भाषण कुठेतरी गाडीवरच राहून गेलं.

"वहिनी, नळ मी तोडला," ते म्हणाले. "हा आला बी नव्हता. मी याचं नाव लिहिलं, आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो."

पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी कवडूकडे पाहिलं.

"मंग तू नीट काहून नाही सांगितलं मले?"

"सांगितलं ना वं."

"एकडाव सांगितलं. मंग गप्प बसून राहिला."

"एकडाव सांगितलं ते पुरे होते," कवडू म्हणाला. "खरं होतं ना ते."

पार्वतीबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला केलं, आत गेल्या आणि स्टोव्हचा आवाज आला. चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला, आणि हात लगेच मागे घेतला नाही. दुसरा ईश्वरदासांपुढे आला. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या दोघांकडे न पाहता, जीभ भाजत असताना, चहा पिऊ लागले.